मार्का बदलण्यापूर्वी नेब्रास्काचा दावा वाचा

दुकानाची पाटी बदलणे आता फार स्वस्त झाले आहे. पूर्वी पेंटर शिडीवर उभा राहून दोन-तीन दिवस अक्षरे काढीत असे. त्याची मजुरी आणि रंगाचा खर्च मालकाला जाणवत असे, म्हणून एकदा काढलेली पाटी वडिलांकडून मुलाकडे तशीच येई. आज फ्लेक्स चौरस फुटाच्या भावाने संध्याकाळपर्यंत छापून मिळतो आणि कॉलेजात जाणारा मुलगा मोबाइलवर तासाभरात नवा 'लोगो' तयार करून दाखवतो. त्यामुळे आपल्या व्यापारी बंधूंना एक नवी सवय लागली आहे. दर दोन-तीन वर्षांनी मार्का बदलायचा. कधी रंग, कधी अक्षरांचे वळण, कधी चित्र, तर कधी नावच. फ्लेक्सचे पैसे किरकोळ असतात, म्हणून या बदलाचा हिशेब खतावणीत कुठे दिसत नाही. जे जाते ते गिऱ्हाइकाच्या नजरेत बसलेली ओळख, आणि तिची पावती कुणी फाडीत नाही.

या बाबतीत दूरचित्रवाणी केंद्रांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. व्यापाऱ्याला टी.व्ही.शी काय देणेघेणे, असे कुणी विचारील. परंतु विणकराचा माल हाताला लागतो, बेकरीचा पाव वासावरून ओळखता येतो, अत्तराची कुपी उघडली की तिची जात कळते. टी.व्ही. केंद्राचे तसे नाही. ते हवेतून चित्रे पाठवते आणि पडद्याच्या कोपऱ्यातले चिन्ह सोडले तर त्याच्यापाशी ओळख म्हणून दुसरे काही नसते. म्हणून मार्का बदलला की काय मिळते आणि काय जाते, हे या धंद्यात इतर कोणत्याही धंद्यापेक्षा स्पष्ट दिसते.

अमेरिकेच्या मधोमध नेब्रास्का नावाचे शेतकऱ्यांचे राज्य आहे. मका आणि गुरेढोरे हा तिथला मुख्य व्यवसाय. त्याची राजधानी लिंकन. या गावी १ नोव्हेंबर १९५४ रोजी विद्यापीठाच्या आश्रयाने के.यू.ओ.एन. हे शैक्षणिक टी.व्ही. केंद्र सुरू झाले. पुढे त्याभोवती राज्यभर प्रक्षेपकांचे जाळे उभे राहिले व त्याला 'नेब्रास्का ई.टी.व्ही.' म्हणू लागले. जाहिरातींचा पैसा नाही, राज्य सरकारचे अनुदान आणि लोकांच्या देणग्या यांवर चालणारी ही संस्था. १९७५ साली या केंद्राला नवे बोधचिन्ह हवे होते. बाहेरचा सल्लागार न नेमता केंद्रातच नोकरीला असलेले कलाकार बिल कोर्बस यांनी ते काढले. दोन तिरक्या कडांचे चौकोनी तुकडे शेजारी ठेवून इंग्रजी 'एन' अक्षर, रंग लाल. खर्च शंभर डॉलरच्या आत.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये एन.बी.सी. ही देशभर पसरलेली बलाढ्य कंपनी आपला मार्का बदलायला निघाली होती. तिने लिपिनकॉट अँड मार्ग्युलिस ही नावाजलेली सल्लागार पेढी नेमली. कित्येक महिने काम चालले. खर्चाचे जे आकडे छापून आले ते साडेसात लाख डॉलरपासून दहा लाख डॉलरपर्यंतचे होते. १ जानेवारी १९७६ पासून नवे चिन्ह पडद्यावर झळकू लागले. ते काय होते? दोन तिरक्या कडांचे तुकडे आणि त्यांतून तयार होणारा 'एन'. फरक एवढाच की उजवीकडचा तुकडा लालऐवजी निळा.

लिंकनच्या मंडळींनी हे पाहिले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये सरळ न्यायालयात दावा लावला. आमचे चिन्ह आम्ही आधीपासून वापरतो आहोत, हे त्यांचे म्हणणे. प्रकरण निकालापर्यंत गेले नाही, बाहेरच तडजोड झाली. एन.बी.सी.ने 'एन' स्वतःकडे ठेवला आणि त्या बदल्यात नेब्रास्काच्या केंद्राला रंगीत चित्रीकरणाची फिरती गाडी व इतर सामग्री, शिवाय नवे चिन्ह तयार करून सगळीकडे बसवण्यासाठी ५५,००० डॉलर रोख दिले. एकूण किंमत आठ लाख डॉलरच्या वर गेली. म्हणजे शंभर डॉलरच्या आतल्या चित्राचे आठ लाख झाले.

ही हकीकत अमेरिकेत विनोद म्हणून सांगितली जाते. मोठ्या कंपनीची फजिती झाली की लोकांना मजा वाटते, ते साहजिक आहे. आपण मात्र ती व्यापाऱ्याच्या नजरेने वाचली पाहिजे. नेब्रास्काला हे पैसे चित्र सुंदर होते म्हणून मिळाले नाहीत. एन.बी.सी.चे चित्रही तितकेच सुंदर किंवा तितकेच सामान्य होते. पैसे मिळाले ते दोन गोष्टींमुळे. एक, चिन्ह आधी वापरात आले होते आणि ते दाखवता येत होते. दुसरी, दुसऱ्याने ते उचललेले दिसताच केंद्र गप्प बसले नाही, दोन महिन्यांच्या आत उभे राहिले. आपल्याकडे नेमकी ही दुसरी गोष्ट होत नाही. शेजारच्या तालुक्यात कुणी आपल्या विडीच्या बंडलासारखेच लेबल छापले तर आपण चार वर्षे चहाच्या टपरीवर त्याला शिव्या देतो, नोटीस पाठवत नाही. आणि मग त्याचेच लेबल खरे असे बाजार समजू लागतो.

नेब्रास्काने 'एन' सोडून दिला, हा त्यांचा पराभव नव्हे काय, असेही कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. चिन्ह जेमतेम काही महिन्यांचे होते, लोकांच्या मनात अजून खोल गेले नव्हते. अशा मालमत्तेला चांगला भाव येत असेल तर ती विकावी. त्या केंद्राला रंगीत सामग्रीची गरज होती, ती मिळाली. तेच चिन्ह वीस वर्षांचे असते तर मी उलट सल्ला दिला असता. मार्का ही शेतजमिनीसारखी मिळकत आहे, विकता येते, भाड्याने देता येते, वारसांना देता येते, हे आपल्या कारागिरांच्या मनात अजून ठसलेले नाही. भिवंडीच्या मागावर निघालेले कोरे कापड कुणाच्या तरी प्रोसेस हाऊसमध्ये जाते, त्यावर तिसऱ्याच व्यापाऱ्याचा शिक्का पडतो आणि गिऱ्हाईक त्या शिक्क्याला पैसे मोजते. माग चालवणाऱ्याला मीटरमागे मजुरी सुटते. हुनर त्याचे, नाव दुसऱ्याचे. असे का होते याची कारणे भांडवल, उधारी, दलाली अशी पुष्कळ आहेत. पण आपल्याला मार्काच नाही, हे त्यांतले एक आहे आणि त्याचा इलाज बाकीच्यांच्या मानाने स्वस्त आहे.

आता एन.बी.सी.चे पुढे काय झाले तेही पाहू. या कंपनीकडे १९५६ पासून रंगीत पिसाऱ्याचा मोर होता. जॉन ग्रॅहम यांनी काढलेला, अकरा पिसांचा. त्या वेळी एन.बी.सी.ची मालक आर.सी.ए. ही कंपनी रंगीत टी.व्ही. संच विकत असे. मोर दिसला की समजावे, पुढचा कार्यक्रम रंगीत आहे, आणि ज्याच्या घरी काळा-पांढरा संच आहे त्याच्या मनात नव्या संचाची इच्छा व्हावी. म्हणजे हा मोर नुसता दागिना नव्हता, तो माल विकणारा नोकर होता. सगळेच कार्यक्रम रंगीत झाल्यावर त्याचे काम संपले, असे समजून त्याला रजा दिली आणि 'एन' आणला. नेब्रास्काशी तडजोड करून, एवढे पैसे मोजून मिळवलेला तो 'एन' एकट्याने तीन-चार वर्षेच टिकला. १९७९ साली मोर परत आणून त्या अक्षरावर बसवला गेला आणि १९८६ साली अक्षर काढून टाकून सहा पिसांचा मोर तेवढा ठेवला. आजही तोच आहे. प्रेक्षकाला मोर आठवत होता, 'एन'शी त्याचे काही जमले नाही. मालकाला कंटाळा आला म्हणजे गिऱ्हाइकालाही आला असे नसते. मालक आपली पाटी दिवसातून दहा वेळा पाहतो, गिऱ्हाईक महिन्यातून एकदा. कंटाळा कुणाला आधी येणार हे उघड आहे.

याच्या उलट ए.बी.सी. या दुसऱ्या कंपनीची गोष्ट. न्यूयॉर्क, शिकागो, डेट्रॉइट, लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या पाच शहरांत तिची स्वतःची केंद्रे होती आणि ती सगळी सात नंबरच्या चॅनेलवर दिसत. १९६२ साली सॅन फ्रान्सिस्कोचे चित्रकार जी. डीन स्मिथ यांनी वर्तुळात बसवलेला सातचा आकडा काढून दिला. साठ वर्षे उलटून गेली, तो सात अजून त्या शहरांत आहे. या काळात त्याचे काय काय झाले नाही! रंग बदलले, शेजारी कंपनीची अक्षरे आली, संगणक आल्यावर धातूची चकाकी आली, मग ती चकाकी जुनी वाटू लागली म्हणून काढली गेली. पण वर्तुळ आणि सात यांना कुणी हात लावला नाही. डेट्रॉइटचे केंद्र तर १९८६ साली दुसऱ्या कंपनीला विकले गेले, तरी नव्या मालकाने सात ठेवला. गल्ल्यावर दुसरा माणूस बसला म्हणून त्याने पाटी उतरवली नाही. आपल्याकडे दुकान विकत घेणारा पहिले काम कोणते करतो, ते सांगायला नको.

आपल्या जवळचे उदाहरण मुंबई दूरदर्शनचे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी हे केंद्र सुरू झाले तेव्हा ते आकाशवाणीचाच एक भाग होते. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन वेगळे झाले आणि त्याच काळात अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील देवाशिष भट्टाचार्य यांनी काढलेला डोळा पडद्यावर आला. मधे गोल आणि त्याला कवेत घेणारे दोन बाक. सोबत पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खां यांची सनईची धून. पुढे मुंबई केंद्राच्या मराठी वाहिनीला 'सह्याद्री' हे नाव मिळाले. नाव बदलले, डोळा राहिला. २०१७ साली प्रसार भारतीने नव्या चिन्हासाठी एक लाखाच्या बक्षिसाची स्पर्धाही जाहीर केली होती, तरी डोळा गेला नाही. खासगी वाहिन्यांपुढे दूरदर्शन मागे पडले त्याला कारणे अनेक, पण आपली खूण त्याने सांभाळली, एवढे मान्य करावे लागेल.

रंगाबद्दल मात्र एक प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे. एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेच्या निवडणुकीच्या दिवसांत, डी.डी. न्यूज वाहिनीने आपल्या चिन्हाचा लाल रंग सोडून भगवा घेतला आणि त्यावर देशभर टीका झाली. संबंधितांनी ही केवळ सजावट आहे असा खुलासा केला. खुलासा काहीही असो, रंग बोलतो आणि मालकाला विचारून बोलत नाही. हा नियम आपल्यालाही लागू आहे. आपल्या पुष्कळ दुकानांच्या पाट्या हिरव्या असतात. त्यात गैर काहीच नाही. परंतु ज्याचे गिऱ्हाईक सर्व समाजांतले आहे, किंवा ज्याचा माल तीन जिल्ह्यांत जातो, त्याने हा रंग विचारपूर्वक घेतलेला असावा. वडिलांपासून चालत आला असेल आणि बाजार त्याच रंगावरून ओळखत असेल तर तो निर्धास्तपणे ठेवावा. केवळ सवय म्हणून नव्या धंद्याला लावू नये.

नावांची गोष्ट आणखी नाजूक आहे. 'मदिना', 'ताज', 'भारत', 'इंडिया' या नावांची दुकाने प्रत्येक गावात सापडतात. भावाभावांच्या वाटण्या झाल्या की एक जण 'न्यू' लावतो, दुसरा 'असली' लावतो, चुलतभाऊ 'ओल्ड' लावून तिसऱ्या चौकात बसतो. नेब्रास्का आणि एन.बी.सी. यांची टक्कर का झाली? कारण दोघांनीही आपल्या नावाचे पहिले अक्षर साध्या आकारात काढले. साधी गोष्ट दोघांना सुचते, आणि शंभर जणांनाही सुचते. जे नाव शंभर जण वापरतात ते एकट्याच्या मालकीचे म्हणून राखणे फार अवघड. पवित्र नावांबाबत तर कायदाही सावध आहे. धार्मिक भावना दुखावणाऱ्या चिन्हाची नोंद होत नाही. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने अगरबत्तीसाठी 'रामायण' या नावाचा एकाधिकार मागणाऱ्याला नकार दिला, धर्मग्रंथाचे नाव एकाच व्यापाऱ्याचे होऊ शकत नाही असे सांगून. तेव्हा बरकतीसाठी पवित्र नाव दुकानात भिंतीवर लावावे. पाकिटावर छापलेले नाव माल संपल्यावर गटारात जाते, हा विचारही ज्याने त्याने करावा.

कारागीर बंधू म्हणतात की ट्रेडमार्क वगैरे मोठ्या कंपन्यांची कामे. हा समज खोटा आहे. आपल्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचे कलम ३४ आधी वापरणाऱ्याला संरक्षण देते. दुसऱ्याने नंतर नोंदणी केली तरी तुमचा जुना, अखंड वापर तो थांबवू शकत नाही. पण वापर सिद्ध करावा लागतो. जुनी बिले, छापखान्याची पावती, लेबलाचे नमुने, वर्षे लिहिलेली डिलिव्हरी चलने, हे सगळे जपून ठेवलेले असेल तरच. आपण दिवाळीत किंवा रमजानपूर्वी सफाई करताना नेमके हेच रद्दीत घालतो. आणि जो दर दोन वर्षांनी मार्का बदलतो त्याच्यापाशी अखंड वापर राहतच नाही, प्रत्येक वेळी त्याचे वय शून्यापासून सुरू होते.

नोंदणी केलेली बरी, कारण नोंदणीनंतर पुराव्याचे ओझे हलके होते. २०१७ च्या नियमांप्रमाणे एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जाची फी ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. माल व सेवा मिळून एकूण ४५ वर्ग आहेत: चपला व तयार कपडे २५ मध्ये, कापड २४ मध्ये, चामड्याच्या पिशव्या १८ मध्ये, अत्तर ३ मध्ये, बेकरी ३० मध्ये, विडी-तंबाखू ३४ मध्ये. नोंदणी दहा वर्षे चालते, मग नूतनीकरण. अर्ज करण्यापूर्वी तसाच मार्का कुणाचा आहे का, हे नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. लाखो डॉलर खर्चूनही एन.बी.सी.च्या पदरी दावा पडला, हे लक्षात ठेवून एवढी तासाभराची तसदी घ्यावी. चित्रकाराकडून किंवा फ्लेक्सवाल्याकडून चित्र काढून घेतले असेल तर त्या चित्राचे हक्क दुकानाच्या नावे लिहून घ्यावेत. पन्नासशे रुपयांच्या व्यवहारात हे लिहून मागणे आपल्याला संकोचाचे वाटते, पण भांडण झाले की तोच कागद शोधावा लागतो.

ज्यांची नोंदणी झालेली आहे त्यांनी पाटी बदलण्यापूर्वी दोन कलमे पाहावीत. कलम ५९ प्रमाणे नोंदलेल्या चिन्हात फेरफार करण्याची परवानगी मागता येते, मात्र त्याची मूळ ओळख बदलता कामा नये. वर्तुळातला सात निळ्याचा लाल झाला तर तो सातच राहतो, मोराचा 'एन' झाला तर तो नवा अर्ज. दुसरे कलम ४७. नोंदलेले चिन्ह सलग पाच वर्षांहून अधिक काळ वापरलेच नाही, तर संबंध असलेला कुणीही ते काढून टाकण्याचा अर्ज करू शकतो. नवा लोगो आणून जुना कपाटात ठेवणाऱ्याचा जुना हक्क असा हातचा जाऊ शकतो, आणि नव्याला अजून हक्क आलेला नसतो.

मार्का कधीच बदलू नये असे माझे म्हणणे नाही. लिंकनच्या त्याच केंद्राने पुढे दोनदा नाव बदलले, २००५ साली 'नेट' आणि २०२१ साली 'नेब्रास्का पब्लिक मीडिया'. त्याला कारण होते. 'शैक्षणिक टी.व्ही.' या शब्दांत त्यांचे काम मावेनासे झाले होते, रेडिओ आला, इंटरनेट आले. काम बदलले म्हणून नाव बदलले, आणि नेब्रास्का हा शब्द तरी राखला. सायकल दुरुस्तीचे दुकान मोटारसायकलचे सुटे भाग विकू लागले तर पाटी बदललीच पाहिजे. बेकरीवाला मात्र तोच पाव, तीच खारी, तीच नानखटाई विकत असेल आणि पुतण्याला नवे अक्षर आवडले एवढ्यासाठी चाळीस वर्षांची पाटी उतरवत असेल, तर तो धंद्यातला पैसा नव्हे, धंदाच थोडा थोडा विकतो आहे.

एक शेवटची माहिती. नोंदणीसाठी स्वीकारलेली चिन्हे सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापली जातात आणि त्यानंतर चार महिन्यांच्या आत कुणालाही हरकत घेता येते. हे जर्नल दर सोमवारी निघते व संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळते. तुमच्या लेबलासारखे लेबल तिथे दिसले आणि चार महिने निघून गेले, तर पुढची लढाई कितीतरी अधिक खर्चाची होते. व्यापारी संघटनांनी आपापल्या गावात एखाद्या शिकलेल्या तरुणाला हे काम वाटून द्यावे. विडी, चप्पल, कापड, अत्तर आणि बेकरी एवढ्या वर्गांपुरते जर्नल चाळायला फार वेळ लागत नाही.